पृष्ठे ४१ ते ४८ : कोरी

जलनियमन विभागाने 'कागदविरहित कार्यालय' जाहीर केलं, तेव्हा त्या आदेशाच्या प्रती काढायला चार रिम कागद लागला होता. ही गोष्ट वैजयंती फरांदे नव्या माणसांना हसत हसत सांगायच्या. पुढे २०३४ साली एका सकाळी विभागाच्या सगळ्या संगणकीय नस्त्या उघडेनाशा झाल्या. अकरा दिवसांनी उघडल्या, तर धरणाच्या दरवाज्यांची माहिती कँटीनच्या निविदेत मिसळलेली. तेव्हापासून धरणांच्या सुरक्षेच्या नस्त्या गुपचूप पुन्हा कागदावर आल्या. यंत्रयुगाचं एवढं अवडंबर माजवून शेवटी दोरा, टोचा आणि लाल पेन्सिल कामाला आली, याचा बाईंना मनातून भारी आनंद झाला होता.

साताऱ्याच्या मंडळ कार्यालयात त्या कक्ष अधिकारी होत्या. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांची नस्ती म्हणजे बघत राहावी अशी. एकही पान सुटं नाही, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने क्रमांक. पुढच्या टिपण्यांसाठी आठ कोरी पानं त्या आधीच ओवून ठेवत आणि त्यांनाही क्रमांक घालत, म्हणजे मधेच कोणी एखादं पान घुसडायला नको. क्रमांक पडलेलं पान, कोरं असलं तरी, काढून टाकायचं नाही, हा नियम चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

त्याच नियमाने त्यांचा घात केला.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी, २०३७ च्या अठरा ऑगस्टला, मोरदरा धरणाचा तीन नंबरचा दरवाजा पहाटे अचानक उघडला. खाली आंबेखोरीच्या फरशी पुलावरून डेअरीत दूध घालायला निघालेली चार माणसं वाहून गेली. विभागाच्या चौकशी अहवालात लिहिलं होतं की गेटचालक अंकुश ढाणे याने कोणतीही पूर्वसूचना न देता, परवानगी न घेता दरवाजा उचलला. त्या अहवालावर अंकुशवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला होता. शिक्षा झाली तर दहा वर्षं. अंकुशचं म्हणणं एकच होतं. पहाटे तीनदा त्याने बिनतारी संचावरून नियंत्रण कक्षाला कळवलं होतं आणि गावांना सावध करणारा भोंगा वाजवा म्हणून विनवलं होतं. भोंग्याचं बटण साताऱ्यात होतं. पण बिनतारी संभाषणाची नोंद कुठेच नव्हती. त्या दिवशी कामाच्या तक्त्यावर नाव असलेला कारकून म्हणाला, काही संदेश आला नाही.

बचाव पक्षाच्या वकील रेश्मा भोईटे यांनी अहवालाची मूळ नस्ती मागितली. विभागाने विशेषाधिकार सांगितला : अंतर्गत टिपण्या आणि कच्चे खर्डे हे शासनाचं आतलं विचारमंथन आहे, ते उघड करता येणार नाही. न्यायालयाने म्हटलं, ठीक आहे, ज्या पानांवर विशेषाधिकार सांगता त्यांची यादी द्या आणि उरलेली पानं दाखल करा. यादी करायचं काम अर्थातच फरांदेबाईंकडे आलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'पृष्ठे १ ते ४० : गोपनीय, सादर नाहीत. पृष्ठे ४१ ते ४८ : कोरी.' आणि कोऱ्या पानावर कसला आलाय विशेषाधिकार, म्हणून ती आठ पानं लिफाफ्यात घालून न्यायालयात पाठवून दिली.

रेश्मा भोईटेंनी ती पानं उजेडात धरून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केला, की ही कोरी पानं तंतुदर्शक नावाच्या नव्या यंत्राखाली वाचावीत.

*

त्या सोमवारी न्यायालयात फरांदेबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. सरकारतर्फे कागदपत्रं सांभाळायला त्यांना यावंच लागे. समोर पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या डॉक्टर निलोफर मुजावर यंत्राची माहिती देत होत्या. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, आणि बोलताना हातात सतत एक कागद घेऊन बोलणाऱ्या.

"सर, कागद म्हणजे तंतूंची चटई. बॉलपेनचं टोक इतकं बारीक असतं, की हात हलका ठेवला तरी त्या टोकाखाली मोटारीच्या चाकाच्या कितीतरी पट दाब पडतो. तंतू वाकतात आणि पुन्हा पुरते सरळ होत नाहीत. वरच्या कागदावर लिहिलं तर खालच्या आठ-दहा कागदांचे तंतू वाकतात. जितकं खाली जावं तितके कमी, पण वाकतात."

"हे जुनंच आहे," न्यायाधीश प्रल्हाद कणसे म्हणाले. "पावडर टाकून ठसे काढायचे."

"हो सर. पण एकावर एक अनेक वेळा लिहिलं असेल तर पावडरीने नुसतं जंगल दिसतं. तंतुदर्शक क्ष-किरणांनी एकेक तंतू कसा वाकलाय ते बघतो. आधी वाकलेला तंतू नंतरच्या रेघेने पुन्हा वाकतो, त्याची घडी वेगळी पडते. चिखलात एका पावलावर दुसरं पाऊल पडावं तसं. त्यावरून वरचं पाऊल काढून टाकता येतं, मग त्याखालचं. शेवटी पहिल्या पावलापर्यंत जाता येतं." त्या जरा थांबल्या. "आणि सर, पेन कागदावर टेकवून माणूस विचार करत थांबला, तर टोक हळूहळू रुतत जातं. खळग्याच्या खोलीवरून तो किती वेळ थांबला, तेही कळतं."

न्यायाधीशांनी आपल्या हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि ते हळूच टेबलावर ठेवलं.

"म्हणजे कोरा कागद कोरा नसतो?"

"कोरा कागद फक्त दुकानात असतो, सर."

खर्डा कधी नस्तीवर ठेवून लिहू नये, खाली कडक पाठपॅड घ्यावं, असं फरांदेबाईंना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण पाठपॅडावर पेन खरखरतं. नस्तीच्या कोऱ्या पानांवर कागद ठेवला की अक्षर लोण्यासारखं उतरतं. चौतीस वर्षं त्यांनी कच्चे खर्डे तसेच लिहिले, अंतिम प्रत मंजूर झाली की नियमाप्रमाणे फाडले आणि सुंदर अक्षराबद्दल शाबासक्या घेतल्या.

सरकारी वकील तावातावाने उठले. आता शासन कोऱ्या पानांवरही विशेषाधिकार सांगत होतं, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. पण वकिलांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "खर्डा म्हणजे अधिकाऱ्याचं मन," ते म्हणाले. "मनात माणूस चुकतो, घाबरतो, रागावतो, मग सावरतो. सावरल्यावर जे उरतं ते शासनाचं म्हणणं. पहिलं वाक्य उद्या चव्हाट्यावर येणार असेल, तर कोणी पहिलं वाक्य लिहिणारच नाही. सगळे थेट शेवटचं, सोयीचं वाक्य लिहितील."

फरांदेबाईंना हे अक्षरशः पटत होतं. त्या हेच मानत आल्या होत्या.

मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात पाणी पीत होत्या. अंकुश ढाणे जामिनावर होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. तो अदबीने जवळ येऊन उभा राहिला.

"मॅडम, एक इचारू का? तुमी हापिसातल्या जुन्या. त्या दिवशी कंट्रोलला बाई कोण होत्या, तुमास्नी म्हाईत आसंल."

"बाई? तक्त्यावर तर शिर्क्यांचं नाव आहे."

"नाव आसंल. पर बोलल्या त्या बाई. आवाज खरखरत हुता, वळकू येत न्हवता, पर बाईमाणूस हुतं." त्याने हात जोडले. "माजी तक्रार न्हाई त्येंच्यावर. त्याबी कुणाच्या तरी हाताखालीच हुत्या. एवडंच, की त्येनी येऊन सांगितलं, व्हय, ह्यानं कळवलं हुतं, तर मी सुटतो. तुमी जरा इचारून बघता का?"

"बघते," बाई म्हणाल्या, आणि पेला नळाखाली पुन्हा धरला. तो भरून वाहायला लागला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

*

त्या पहाटे कंट्रोलला फरांदेबाईच होत्या. शिर्के घाटात अडकला होता, बाई जवळ राहायच्या, म्हणून कोणीतरी त्यांना उठवलं. शिर्केने नंतर हजेरीपटावर सही केली आणि कोणी काही विचारलं नाही. हे सगळं बाईंना लख्ख आठवत होतं. बाकीचं त्यांना असं आठवत होतं : संचात नुसती खरखर होती, गेटचालक काय म्हणाला ते धड कळलं नव्हतं. तरीही आपण पहिल्या खर्ड्यात संदेश आल्याचं लिहिलं होतं. मग राजोपाध्ये साहेबांनी ते वाक्य काढायला लावलं.

पराग राजोपाध्ये तेव्हा मंडळाचे प्रमुख होते, आता विभागाचे सचिव. विशेषाधिकाराच्या शपथपत्रावर त्यांचीच सही होती. खर्डे लिहायला बाईंना त्यांनीच शिकवलं होतं. गेली सहा वर्षं बाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत. दिवाळीला त्यांचा फोन आला की आंघोळीला गेल्येय म्हणून सांगायला लावत. चूक साहेबांची होती, आपण हुकमाच्या ताबेदार. ही समजूत बाईंनी इतकी घट्ट बांधली होती, की तिच्यावर निवांत झोप लागायची.

न्यायाधीश कणसेंनी मधला मार्ग काढला. पानं आधी ते स्वतः बंद दालनात पाहतील, दोन्ही पक्षांचे वकील बाहेर राहतील. यंत्र चालवायला डॉक्टर मुजावर आणि अक्षर ओळखायला नस्ती लिहिणारी व्यक्ती, एवढेच आत असतील. पाहून झाल्यावर विशेषाधिकार राहतो की जातो ते ते ठरवतील.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता फरांदेबाई त्या दालनात बसल्या. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. यंत्र शिवणयंत्रापेक्षा थोडं मोठं, आवाज जवळजवळ नाहीच. डॉक्टर मुजावर यांनी हातमोजे घालून एक्केचाळिसावं पान काचेवर ठेवलं. कोपऱ्यात बाईंचाच लाल ४१.

पडद्यावर आधी करडं धुकं आलं. मग धुक्यात तंतू दिसायला लागले. लाखो तंतू, एकमेकांत गुंतलेले, पाचटाच्या ढिगासारखे. हे आपण रोज हाताळतो ते पान? बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्या ढिगात वाटा पडल्या होत्या, सगळीकडे, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी.

"आता शेवटचा थर," डॉक्टर मुजावर म्हणाल्या.

आणि त्या जंगलातून एक ओळ उठून वर आली. बाईंचं स्वतःचं वळण, काना थोडा डावीकडे झुकलेला, वेलांटी मोठी. 'सदर गेटचालकाने कोणतीही पूर्वसूचना न देता...' नववा खर्डा. तो कागद सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने चार तुकडे करून टोपलीत टाकला होता, आणि आता तो समोर होता, सगळाच्या सगळा, अगदी खोडलेल्या अनुस्वारासकट. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीने नव्हे, निदान तेव्हा नव्हे. काहीच नाहीसं होत नाही, हे एवढंच त्या वेळी त्यांना कळलं, आणि कळून त्या थक्क झाल्या.

नववा थर बाजूला झाला. त्याखालून आठवा आला. मग सातवा. प्रत्येक खर्ड्याच्या डोक्यावर बाईंच्या सवयीने तारीख होती. जिथे जिथे पेन थांबलं होतं तिथे पडद्यावर बारीक ठिपका उजळत होता. काही वाक्यं एका दमात लिहिलेली, काहींच्या आधी पाऊण मिनिटाचे ठिपके. न्यायाधीश वाचत नव्हते, ते ठिपक्यांकडे बघत होते. "माणूस विचार करताना दिसतोय," ते स्वतःशीच म्हणाले. देवळात बोलावं तसा त्यांचा आवाज खाली गेला होता.

पाचव्या खर्ड्यावर समासात राजोपाध्ये साहेबांचं अक्षर आलं, तारीख बावीस ऑगस्ट. आता दिसणार होतं साहेबांनी काढायला लावलेलं ते वाक्य. साहेबांनी समासात एकच ओळ लिहिली होती : 'बेपर्वाईने' काढा, शब्द फार कठोर आहे.

बस्स, एवढंच.

"पुढे जाऊ?" डॉक्टर मुजावर यांनी विचारलं.

चौथा खर्डा, एकवीस ऑगस्ट. त्यात संदेशाचा उल्लेख नाही. तिसरा, वीस ऑगस्ट. त्यातही नाही. दुसरा, एकोणीस ऑगस्ट. नाही. आणि मग सगळ्यात खालचा, पहिला, एकोणीस ऑगस्टचाच, कार्यालय भरायच्या आधी लिहिलेला.

'पहाटे ५.१० वाजता बिनतारी संचावर संदेश मी स्वतः घेतला. गेटचालक श्री. ढाणे यांचे शब्द : पाणी दरवाज्याच्या वर आलंय, तीन नंबर उचलला न्हाई तर धरण जाईल, आंबेखोरीचा भोंगा वाजवा. मी त्यांना सांगितले : थांबा, हात लावू नका, साहेबांना विचारते. साहेबांचा दूरध्वनी लागला नाही. ५.२५ व ५.४० वाजता पुन्हा संदेश. भोंगा वाजवण्याचा अधिकार मला आहे किंवा कसे याची खात्री नसल्याने मी तो वाजवला नाही.'

शब्द न् शब्द कळला होता. 'लागलंय' नव्हे, 'आलंय' म्हणाला होता तो, तेसुद्धा लिहिलं होतं. खरखर त्यांच्या बाजूच्या संचात नव्हतीच.

शेवटच्या पूर्णविरामावर मोठा ठिपका उजळला. "चार मिनिटं दहा सेकंद," डॉक्टर मुजावर हलकेच म्हणाल्या. त्यानंतर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत आडव्या रेघा होत्या. साहेबांनी हा कागद कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या हातात काही जाण्याआधी तीन दिवस, कोणी न सांगता, वैजयंती फरांदेंनी ते वाक्य स्वतःच खोडलं होतं.

"अठ्ठेचाळिसावं पानही बघायचंय, सर. तिथवर फक्त सगळ्यात जोरात दाबलेलं पोचतं."

अठ्ठेचाळिसाव्या पानावर करड्या धुक्यात एकच अक्षर होतं. 'मी'. आणि त्याच्यावरून गेलेली रेघ.

"हे अक्षर कोणाचं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं, साहेब," बाई म्हणाल्या.

मग न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी विशेषाधिकार मान्य करणार आहे. वकिलांचं बरोबर आहे. हे यंत्र पाहिल्यावर तर जास्तच. उद्या ते प्रत्येकाच्या टेबलावर येईल, आणि माणसाला मनात खोडायलाही जागा राहणार नाही. कुठेतरी दार लावलंच पाहिजे. ही पानं मोहोरबंद होतील, आणि निकाल लिहिताना मी ती पाहिलीच नाहीत असं धरीन. मला तसं धरावंच लागेल."

"म्हणजे ढाण्यांना शिक्षा होईल?"

"समोर असलेल्या पुराव्यावर मला निकाल द्यायचाय." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मात्र एक सांगतो. दार खर्ड्याला लागतं, घडलेल्या गोष्टीला नाही. तुम्ही काय लिहिलंत, काय खोडलंत, ते शासनाचं. त्या पहाटे तुमच्या कानाने काय ऐकलं, ते शासनाचं नाही. ते ऐकलेलं माणूस स्वतः येऊन सांगत असेल तर त्याला अडवणारा कायदा मला माहीत नाही. यापुढे मी बोलणं योग्य नाही."

*

बाई रिक्षा न करता चालत निघाल्या. पोवई नाक्यापर्यंत त्यांना दिसेल त्या वस्तूला हात लावावासा वाटत होता. न्यायालयाचा कठडा हजारो हातांनी गुळगुळीत झालेला, दगडी पायरी मधोमध झिजलेली. यातही सगळं आहे, फक्त वाचणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आपण समजत होतो, फाडलं की संपलं. एवढं मोठं जग एवढंसुद्धा विसरत नाही आणि आपण मात्र आपलं आपल्यालाच सहा वर्षं बनवत राहिलो! त्यांना लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण त्या लाजेपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटलं होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पहिल्यांदा भरलेलं धरण पाहिलं होतं, तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पुण्याला राजोपाध्ये साहेबांच्या घरी गेल्या. साहेबांनी स्वतः दार उघडलं.

"फरांदेबाई? अहो, सहा वर्षांत पहिल्यांदा!"

"साहेब, मी सहा वर्षं तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तेवढं सांगायला आले."

साहेब हसायला लागले, मग बाईंचा चेहरा बघून थांबले. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेब हळूहळू खाली बसले.

"मला त्या पहाटेचे तुमचे चार मिस्ड कॉल दिसले होते," ते म्हणाले. "नंतर अहवालात तुम्ही संदेशाचं काही लिहिलं नाहीत. मी समजलो, कॉल दुसऱ्या कशाबद्दल असेल. विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण वाक्य इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं, बाई. तुमच्या अक्षरात काही चुकीचं असेल असं वाटतच नाही."

"तेच शिकवलं होतंत तुम्ही."

"मी खर्ड्यात चुकायला शिकवलं होतं. अंतिम प्रतीत नाही." त्यांनी चहा सांगितला, पण दोघांनीही तो घेतला नाही. "विशेषाधिकार मी मागे घेणार नाही. उद्याच्या माणसांना पहिलं वाक्य लिहिता आलं पाहिजे. पण तुम्ही साक्ष देणार असाल तर मला विचारू नका. या वेळी साहेबांना विचारायचं नाही."

*

पुढच्या मंगळवारी रेश्मा भोईटेंनी ऐनवेळी एक साक्षीदार बोलावला. फरांदेबाई मागच्या बाकावरून उठल्या आणि पिंजऱ्याकडे निघाल्या, तेव्हा सरकारी वकिलांना वाटलं त्या काहीतरी कागद द्यायला चालल्यात.

शपथ झाल्यावर न्यायाधीश म्हणाले, "तुमच्या बोलण्यावरून तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. माहीत आहे ना?"

"आहे, साहेब."

"तुम्ही लिहिलेल्या कोणत्याही खर्ड्याबद्दल बोलायचं नाही."

"नाही बोलणार. त्यात काही उरलेलं नाही."

रेश्मा भोईटेंनी एकच प्रश्न विचारला. अठरा ऑगस्टच्या पहाटे नियंत्रण कक्षात कोण होतं?

"मी," बाई म्हणाल्या.

मग त्या थांबल्या नाहीत. वेळ सांगितली, पाणी कुठवर आलं होतं ते सांगितलं, तीनही संदेश सांगितले. आपण भोंगा वाजवला नाही, तो आपल्या हाताच्या अंतरावर होता, हेही सांगितलं. "आणि मी त्यांना म्हणाले, थांबा, हात लावू नका, साहेबांना विचारते."

आरोपीच्या पिंजऱ्यातून अंकुश ढाणे एकदम कठड्यावर झुकला. "ह्योच! सायेब, ह्योच आवाज!" शिपाई पुढे झाला, न्यायाधीशांनी हात वर केला. अंकुश तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो बाईंकडे रागाने बघत नव्हता. बाईंना ते सोसवेना. राग असता तर बरं झालं असतं.

लघुलेखकाने साक्ष वाचून दाखवली. न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही दुरुस्ती?"

"नाही."

छापलेले कागद सहीसाठी पुढे आले. साक्षीवर सही अजून हातानेच करावी लागे. पिंजऱ्याच्या कडेला लाकडी फळी होती, कठीण, चकचकीत. बाईंनी पेन उघडलं, टेकवलं आणि उचललं.

"भाऊ," त्या लघुलेखकाला म्हणाल्या, "याच्याखाली आठ कोरे कागद ठेवता का?"

त्याला काही कळलं नाही, पण त्याने ठेवले. न्यायाधीश कणसेंना मात्र कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि बाईंची सही होईपर्यंत वर केली नाही. वैजयंती फरांदेंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, शेवटच्या कागदापर्यंत पोचेल इतकं दाबून.